टेस्ट ड्राइव्हच्या पांढऱ्या ऑटोमॅटिक गाडीबाबत

जबाब देणारीचे नाव वेगळ्या कागदावर दिले आहे. वय सदुसष्ट वर्षे. धंदा: निवृत्त, तंत्रशिक्षण संस्थेत इंजिन प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून सव्वीस वर्षे नोकरी. शिक्षण: पदवीधर. राहण्याचा पत्ता: आज सकाळपर्यंतचा पत्ता त्याच कागदावर आहे. आजपासून मी तिथे राहणार नाही. नवा पत्ता पोलीस ठाण्याच्या अंमलदार बाईंना तोंडी सांगितला आहे.

मी स्वतः हजर होऊन, विचारल्यावरून सांगते की, मी विधवा असून एकटी राहते. मला एकच मुलगी. तिचे वय तेहतीस. ती, तिचा नवरा म्हणजे माझे जावई, आणि साडेचार वर्षांची नात असे तिघे शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत राहतात. तिथून सर्वांत जवळचा बसथांबा सात किलोमीटरवर आहे. जावई एका कारखान्यात खरेदी विभागात अधिकारी आहेत. मुलगी घरी असते. लग्नाआधी ती औषधांच्या दुकानात नोकरी करत होती.

दोन वर्षांपूर्वी मुलीचा डावा घोटा मोडला. पायऱ्यांवरून पडली, असे जावयांनी मला फोनवर सांगितले. त्यांच्या घराला पायऱ्या दोनच आहेत. घोट्यात धातूची पट्टी आणि सहा स्क्रू आहेत. ती चालते, पण तो पाय जोराने दाबून धरता येत नाही. त्यामुळे तिला क्लचची गाडी चालवता येत नाही. तिच्याकडे स्वतःच्या कमाईतून घेतलेली लहान ऑटोमॅटिक गाडी होती. ती गाडी मात्र मुलगी चालवत असे. गेल्या महिन्यात जावयांनी ती विकली. कुटुंबाला एकच मोठी गाडी पुरे, असे त्यांचे म्हणणे होते. तिचे लायसन्सही घोटा मोडल्यापासून त्यांच्याच पाकिटात असते. हरवेल म्हणून, असे ते सांगतात.

नव्या गाडीच्या किमतीत माझाही वाटा होता, म्हणून मला बोलावले. आज रविवारी सकाळी साडेदहा वाजता आम्ही चौघे शोरूमला पोचलो. तिथला विक्रेता तिशीचा, बोलका माणूस आहे. त्याने एकाच सेडान गाडीचे तीन प्रकार दाखवले: साधे पेट्रोल इंजिन, टर्बो पेट्रोल आणि डिझेल. डिझेल फक्त मॅन्युअल गिअरमध्ये मिळत होते. पेट्रोलला दोन्ही पर्याय होते.

जावई म्हणाले, "डिझेल मॅन्युअल. ओढ असते डिझेलला. विषय संपला."

मी म्हणाले, "अहो, तुमचं ऑफिस सहा किलोमीटरवर. महिन्याला आठशे-नऊशेच्या वर गाडी फिरत नाही. डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. लांब, सलग प्रवास झाला तरच ती जळून साफ होते. घर ते ऑफिस करत राहिलात तर वर्षभरात तुंबेल."

जावई विक्रेत्याला म्हणाले, "आमच्या आई निवृत्त झाल्या, पण तास घ्यायचं सुटलं नाही बघा."

विक्रेता हसला. वातावरण हलके करण्यासाठी असेल, तो म्हणाला, "साहेब, मी गिऱ्हाइकांना सोपं करून सांगतो. मॅन्युअल म्हणजे सासर. हात चालू, पाय चालू, लक्ष सतत ठेवायचं. ऑटोमॅटिक म्हणजे माहेर. नुसतं बसायचं!"

जावई मोठ्याने हसले. मुलगी हसली नाही. मीही नाही.

पहिली फेरी डिझेल मॅन्युअलची झाली. जावई चालवत होते, विक्रेता त्यांच्या शेजारी, आम्ही तिघी मागे. इंजिन चांगले होते, हे मी मान्य करते. सरळ रस्त्यावर जावयांनी वेग एकशे दहापर्यंत नेला आणि समोर काही नसताना दोनदा जोरात ब्रेक लावला. ब्रेक तपासतोय, असे म्हणाले. दोन्ही वेळा ते आधी आरशात पाहत होते. आरशातून त्यांना मुलगी दिसत होती. मुलीने नातीला छातीशी धरले होते. तिने तोंडातून आवाज काढला नाही. नातीनेही काढला नाही. साडेचार वर्षांचे मूल अशा वेळी रडते. ही रडत नाही, हे माझ्या आज प्रथम लक्षात आले.

शोरूमच्या आवारात परत आल्यावर जावयांनी इंजिन बंद केले, खाली उतरले आणि मुलीला म्हणाले, "या राणीसाहेब, तुम्ही पण बघा. उगाच म्हणायला नको, मला विचारलं नाही."

मुलगी चालकाच्या जागी बसली. ते उघड्या दाराशी वाकून उभे राहिले.

"क्लच दाब."

तिने दाबला. अर्ध्यावर पाय थरथरू लागला.

"पूर्ण."

नात मागच्या सीटवरून म्हणाली, "बाबा, आईचा तो पाय दुखतो."

जावयांनी हात आत घातला, मुलीच्या गुडघ्यावर ठेवला आणि दाबला. क्लच तळाला टेकला. मी मनात आकडे मोजत होते, ती माझी प्रयोगशाळेतली सवय आहे. नऊपर्यंत मोजले. मग त्यांनी हात काढला आणि विक्रेत्याला म्हणाले, "बघा, जमतं. सवयीचा प्रश्न आहे फक्त." विक्रेता हातातली माहितीपत्रके नीट लावू लागला.

या वेळी आपण काय केले, असे विचारले असता सांगते की, मी काही केले नाही. मी घाबरले होते.

त्यानंतर मुलगी स्वच्छतागृहात गेली. मी तिच्या मागे गेले. तिथे आम्ही दोघीच होतो. ती नळ सोडून मनगटे धूत राहिली. मी विचारले, "घरी असंच चालतं का?" हा प्रश्न मी दोन वर्षांत विचारला नव्हता. विचारायला हवा होता. ती म्हणाली, "आई, ही गाडी दारात आली की माझं बाहेर पडणं संपलं. त्याला तेच हवंय." बाहेरून जावयांनी दारावर एकदा टिचकी मारली. तिने नळ बंद केला. आमच्यात एवढेच बोलणे झाले. आधी काही ठरले होते, असे जावयांच्या तक्रारीत लिहिले असल्यास ते खोटे आहे.

बाहेर आल्यावर मी जावयांना सांगितले, "माझा वाटा घालायचा तर पेट्रोल ऑटोमॅटिकची फेरी झाली पाहिजे, आणि ती चालवून बघेल." ते म्हणाले, "होऊ द्या तुमची हौस." शोरूमच्या नियमाप्रमाणे चालवणाऱ्याच्या लायसन्सची प्रत काढावी लागते. जावयांनी पाकिटातून मुलीचे लायसन्स काढून दिले. काउंटरवरच्या बाईंनी प्रत काढली आणि लायसन्स परत देताना ज्याचे त्याला द्यावे म्हणून मुलीच्या हातात दिले. मुलीने ते लगेच मुठीत घेतले.

गाडी पांढरी, टर्बो पेट्रोल, ऑटोमॅटिक होती. गिअरबॉक्स कोणत्या जातीचा, हे मी विचारले. दोन क्लचचा असेल तर गर्दीत तापतो; पट्ट्याचा असेल तर नरम चालतो, पण ओढ कमी. हा जुन्या पद्धतीचा, तेलातून ताकद नेणारा होता. हा सर्वांत टिकाऊ. यात ब्रेकवरून पाय उचलला की गाडी ॲक्सिलरेटर न देताही आपोआप पुढे सरकते. विक्रेता मुलीकडे वळून म्हणाला, "मॅडम, डावा पाय विसरून जा. त्याला इथे काही कामच नाही."

गाडी बटणाने सुरू होणारी होती. किल्ली विक्रेत्याच्या खिशात होती. मी त्याला विचारले, "तुम्ही किल्ली घेऊन खाली उतरलात तर इंजिन बंद पडतं का?"

"नाही मॅडम. नुसती पीप-पीप वाजते. पण एकदा बंद केली, तर मग किल्लीशिवाय परत सुरू होणार नाही."

हा प्रश्न गाडी घेणाऱ्याने विचारण्यासारखाच आहे. तरी खरे सांगते, उत्तर मला ठाऊक होते. जावई काउंटरवर सही करत असताना, मुलीला ऐकू जावे म्हणून मी विचारले.

जाताना जावयांनी चालवली. कारखान्यांच्या मागच्या सरळ रस्त्यावर, एका बंद फाटकापाशी गाड्या वळवण्याइतकी मोकळी जागा आहे. टेस्ट ड्राइव्हला चालक तिथेच बदलतात. सकाळी अकरा वाजून पन्नास मिनिटांनी आम्ही तिथे थांबलो. जावयांनी इंजिन चालू ठेवले आणि गिअरचा दांडा पार्किंगच्या खाचेत टाकला. त्यांनी आजवर फक्त क्लचची, किल्ली फिरवून सुरू होणारी गाडी चालवली आहे. किल्ली विक्रेत्याच्या खिशात असताना गाडी कुठे जाणार नाही, ही त्यांची समजूत पक्की होती. ते उतरले. मुलगी मागून उतरून चालकाच्या जागी बसली. नात मागेच होती. मीही उतरले.

मी विक्रेत्याला म्हणाले, "डिकी दाखवा. स्टेपनी पूर्ण मापाची आहे की लहान, ते बघायचंय."

तो उतरून मागे आला. जावईही आले. म्हणाले, "आई, लहानच असते. वाचलंय मी सगळं." विक्रेत्याने डिकी उघडली, खालचा पुठ्ठा उचलला. स्टेपनी लहान होती. जावई म्हणाले, "झालं समाधान?"

मी "झालं" म्हणाले आणि डिकीचे झाकण खाली ओढून बंद केले. ते जाणूनबुजून केले. झाकण उघडे असते तर तिला मागचे दिसले नसते.

गाडी पुढे सरकली. आवाज जवळजवळ झाला नाही. विक्रेता म्हणाला, "अहो मॅडम, थांबा, मला बसू द्या!" जावई पाच-सहा पावले पळाले आणि त्यांनी दाराला हात घातला. तोवर वेग वाढून दारांची कुलुपे आपोआप लागली होती. नात मागच्या काचेतून पाहत होती. तिने हात हलवला नाही. गाडी वळणापर्यंत सावकाश गेली, वळणावर दिवा दाखवून वळली.

जावई ओरडले नाहीत. ते कधीच आवाज चढवत नाहीत. ते चालत माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "आई, फोन द्या." मी दिला. त्यांनी तो स्वतःच्या खिशात टाकला. मग माझा दंड कोपराच्या वर धरला. "कुठे गेली?" मला माहीत नव्हते. मी तसे सांगितले. त्यांनी पकड आवळत नेली आणि त्याच आवाजात तोच प्रश्न आणखी चार वेळा विचारला. पाचव्यांदा विचारले तेव्हा विक्रेता म्हणाला, "साहेब, आजींचा हात सोडा." त्यांनी सोडला. माझ्या दंडावर चार बोटांचे वळ आहेत. ते अंमलदार बाईंनी पाहिले असून वेगळी नोंद केली आहे. विक्रेत्याने स्वतःच्या फोनवरून शोरूमची दुसरी गाडी बोलावली आणि ती येईपर्यंत तो माझ्या आणि जावयांच्या मध्ये उभा राहिला. त्याचे नाव शोरूममधून मिळेल.

पांढरी गाडी दुपारी पाऊण वाजता त्याच शोरूमच्या शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाखेत सापडली. मुलीने ती आवारात रेषांच्या आत लावून बंद केली होती. ओरखडा नाही. शोरूमची काही तक्रार नाही, असे त्यांच्या व्यवस्थापकाने माझ्यासमोर सांगितले. गाडी चोरल्याची आणि मूल पळवल्याची तक्रार आहे ती जावयांची. मूल आईबरोबर आहे.

एक वाजून वीस मिनिटांनी मुलीने शोरूमच्या फोनवर मला बोलावून घेतले. बोलणे मिनिटभर झाले. ती म्हणाली, "आई, सिग्नलला दर वेळी भीती वाटत होती, चुकून बंद केली तर? नाही केली." मग तिने ती कुठे आहे ते सांगितले आणि फोन ठेवला.

ती कुठे आहे, असे विचारले असता सांगते की, मला ते माहीत आहे. या कागदावर मी ते सांगणार नाही, कारण हा कागद पुढे कोणाच्या हातात जाईल याची खात्री मला कोणी देऊ शकलेले नाही. मुलगी सज्ञान आहे, स्वतःच्या मनाने गेली आहे आणि उद्या वकिलांसह स्वतः हजर होणार आहे. तोवर तिचा शोध जावयांना सोबत घेऊन करू नये.

जावई दोन वाजल्यापासून या खोलीबाहेरच्या बाकावर बसले आहेत. मला त्यांचे बूट दाराखालच्या फटीतून दिसत आहेत. मघाशी त्यांनी शिपायाकरवी माझ्यासाठी पाणी पाठवले आणि निरोप दिला, "आईंना म्हणावं सावकाश होऊ द्या, मी घरी सोडतो." मला त्यांच्याबरोबर जायचे नाही. बाहेर पडण्याची वाट त्या बाकासमोरूनच आहे.

हा जबाब माझ्या विनंतीवरून दार लावून, हळू आवाजात मला वाचून दाखवला. मला ठाण्याच्या फाटकापर्यंत पोलिसांची सोबत द्यावी, ही ओळ त्यात राहिली होती, ती मी घालून घेतली. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.