कापूस कोंबलेली घंटी

हिंगोलीच्या बसस्थानकात वैजनाथच्या शेजारी एक म्हातारी ड्यूटीवर परत निघालेल्या फौजीशी बोलत होती.

"लेकरा, ह्या घंटीत कापूस काहून कोंबला?"

"आमच्या बैलाच्या गळ्यातली हाय, मावशी. सरहद्दीवर खिशात ठेवतो. वाजली तर दुश्मनाला कळंल."

"वाजतच न्हाई, तर काय कामाची?"

"हात लावला की गोठा आठवतो. अन् कोनाची सुट्टी मंजूर झाली, की खाली तळावर कापूस काढून वाजवतो."

"मागल्या खेपेला कोनासाठी वाजवली?"

"जोडीदारासाठी. सुट्टी मंजूर झाली, अन् दुसऱ्याच दिवशी त्याला गोळी लागली."

"अन् तरीबी वाजवली?"

"घरीच निघाला होता ना, मावशी. त्याची पेटी तळावर आली, तवा सगळ्यांनी आळीपाळीनं वाजवली."

वैजनाथच्या गावची, डोंगरकड्याची गाडी लागली, तरी तो चढला नाही. फौजीची ट्रंक उचलत त्यानं विचारलं,

"तुमची गाडी कोनती, दादा?"