आतून मूठ नसलेलं दार

१. गेल्या गुरुवारी दुपारी अडीच वाजता एकतिसाव्या हॉवरक्राफ्टची चाचणी सुरू झाली. आत कप्तान आणि मी.

२. दोन चाळीसला पंखा बंद पडला. तळाच्या रबरी झालरीतली हवा गेली आणि यान खाडीच्या चिखलात बसलं.

३. बाजूची दोन्ही दारं चिखलात रुतली. मागच्या दाराला आतून मूठ नाही.

४. भरती सुरू झाली. चिखलाने धरून ठेवल्यामुळे यान तरंगलं नाही. पाणी आत आलं.

५. पाच वाजून पाच मिनिटांनी फिटर फळ्या टाकत पोचला. त्याने बाहेरून मूठ फिरवली. दार चार सेकंदांत उघडलं.

आता रीतसर सुरुवात करते. समारंभाचे अध्यक्ष आणि कंपनीचे प्रमुख, म्हणजे माझे काका. व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे. आजवर आपलं प्रत्येक यान पहिल्यांदा ज्यांनी चालवलं ते आजचे सत्कारमूर्ती, आपले कप्तान. त्यांच्या घरची मंडळी आणि कारखान्यातील माझे सहकारी, सर्वांना नमस्कार.

मला कंपनीच्या इतिहासावर बोलायला सांगितलं आहे. "तू घरचीच, पाच मिनिटं तूच बोल," असं काका म्हणाले. हा इतिहास मी लहानपणापासून तुकड्यातुकड्यांनी ऐकत आले. सलग ऐकला तो गुरुवारी, कारण आम्हा दोघांना दुसरं काही काम नव्हतं.

"घाबरलीस का गं?" कप्तानांनी विचारलं.

"नाही. मोजतेय."

"काय?"

"पाणी. दर दहा मिनिटांना चार सेंटिमीटर."

"आजोबांवर गेलीस. ते बुडतानासुद्धा आधी पट्टी मागतील."

मग ते सांगत राहिले. आजोबांनी पहिलं यान पत्र्याच्या शेडमध्ये बांधलं. ते जमिनीपासून चार बोटं उचललं गेलं आणि शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरी घेऊन भिंतीवर आदळलं. शेजारीण आजोबांना म्हणाली, "उडवायचंच होतं, तर नवऱ्याला उडवायचंत!" दुसरं यान सरळ गेलं, पण थांबेना. तिसरं विकलं गेलं. तुम्ही हसताय, मीही हसले. तेव्हा पाणी घोट्याच्या वर होतं.

चौथ्या यानात एका प्रवाशाने आधारासाठी मागच्या दाराची मूठ धरली. दार उघडलं, माणूस पाण्यात पडला. सुदैवाने वाचला. त्याच संध्याकाळी कप्तानांनी आतली मूठ काढून टाकली. आजोबांनी त्यांची पाठ थोपटली आणि यानाच्या नकाशावर पेन्सिलीने लिहिलं, 'तात्पुरते'. पुढे नकाशा नव्याने काढला गेला. दार तसंच उतरलं, पेन्सिलीचा शब्द उतरला नाही.

"म्हणजे आपण इथे अडकलोय ते माझ्यामुळे," कप्तान म्हणाले. खिडकी फोडायचा प्रयत्न आम्ही दोघांनीही केला होता. न फुटणाऱ्या काचा हे आपल्या माहितीपत्रकाचं पहिलंच वाक्य आहे, आणि ते खरं आहे.

चौथ्यापासून तिसाव्यापर्यंत सत्तावीस यानं आज माणसं नेतात. प्रत्येकात चौदा जागा. चिखल, भरती आणि बंद पडलेला पंखा या तीन गोष्टी एका वेळी जुळायला किती वर्षं लागतील? मला सांगता येत नाही. आम्हाला एक दुपार लागली.

शुक्रवारी मी हे काकांना सांगितलं, मुठीशिवाय सही करणार नाही म्हटलं. ते म्हणाले, "अगं, मंगळवारी त्याचा निरोप आहे. या वयात त्याच्या नावाला डाग लावणार का?" पुढे म्हणाले, "त्यानंतरच्या सोमवारी हे यान गिऱ्हाइकाकडे जायचंय. कप्तान गेल्यावर चाचणीच्या कागदावर सही तुझी एकटीची. परकी असतीस तर समजलो असतो. तू घरची असून अडवतेस?" नुसती नोकरी असती तर राजीनामा दिला असता. घराला तो कुठे द्यायचा, मला माहीत नाही. दिला, तरी यान दुसऱ्या कुणाच्या तरी सहीने जाईलच.

मग मी कप्तानांकडे गेले. तुम्ही गेल्यानंतर सांगू का, असं विचारलं.

"निरोप माझा ना? मग माझ्यासमोर सांग," ते म्हणाले. "मागून बोललीस तर कान धरीन. आणि मूठ मीच काढली, हेही सांग. अर्धवट सांगू नकोस."

सांगितलं. पूर्ण सांगितलं.

कप्तानांबद्दल एक गोष्ट राहिली. फिटरने दार उघडलं तेव्हा पाणी गुडघ्यापर्यंत होतं. त्यांनी मला आधी बाहेर ढकललं आणि स्वतः आत थांबून दाराच्या आतल्या बाजूवर हात फिरवत राहिले. मी हाका मारल्या तरी येईनात. "इथे भोकं अजून आहेत," म्हणाले. "मूठ बसेल."

ती बसते. मी मोजलं आहे. झाकणासकट बसवायला चाळीस मिनिटं लागतात, आणि वर झाकण असलं, की कुणी आधारासाठी धरायला गेलं तरी दार उघडणार नाही.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. कप्तान, तुम्ही मला यान चालवायला शिकवलंत, त्याचेही आभार मानायचे राहून गेले होते. सत्काराच्या कार्यक्रमात मी नको ते बोलले असं कुणाला वाटलं असेल, बोलण्यात कमी-जास्त झालं असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्यावं.

अध्यक्ष महोदय, माझं पत्र आपल्यासमोर ठेवलं आहे. त्यात दोन प्रश्न आहेत: सत्तावीस यानं मूठ बसेपर्यंत थांबवणार का, आणि एकतिसावं मुठीशिवाय पाठवणार का. येत्या शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत लेखी उत्तर द्यावं, ही विनंती.