थोरल्याचा स्फटिक

मी, तक्रारदाराची धाकटी बहीण, वय ३६, धंदा कॉलेजात खनिजशास्त्र शिकवणे, राहणार पाण्याच्या टाकीमागे, दुसरा मजला. समक्ष विचारल्यावरून सांगते की,

आमचे वडील खाणीवर मुकादम होते. गेल्या महिन्यात वारले. शेवटी ते अंथरुणालाच खिळून होते आणि त्यांचं सगळं मावशी करायच्या. मावशी म्हणजे नात्यातल्या नव्हेत, पगारी. सध्या तुमच्या बाहेरच्या बाकावर बसवल्यात त्याच.

बाबांच्या उशाशी एक पारदर्शक दगड असायचा. ‘माझ्यामागे हा स्फटिक थोरल्याचा,’ असं ते सगळ्यांदेखत म्हणत. काल दादाने तो पैलू पाडायला कारागिराकडे नेला. कारागीर म्हणाला, हा स्फटिक नाही, चाकाला लावला तर भुगा होईल. दादाने मला फोन केला तेव्हा मी वर्गात होते. त्याने विचारलं, ‘चाकूने ओरखडा पडतो, अ‍ॅसिडने फसफसतो. हा स्फटिक का?’ मी म्हटलं, ‘छे, हा कॅल्साइट.’ का विचारतोस, असं मी म्हणेपर्यंत त्याने फोन ठेवला होता. तिथून तो सरळ इथे चौकीत आला आणि मावशींनी खरा नेऊन खोटा ठेवला अशी तक्रार दिली.

आज तो दगड मी तुमच्यासमोर, दादाच्या देखत तपासला. हा कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलं खनिज. बाजारात ज्याला स्फटिक म्हणतात ते क्वार्ट्झ. दोन्ही बिनरंगी, दोन्ही काचेसारखे, हाताला वजनही सारखंच लागतं. पण क्वार्ट्झ काचेवर चरा पाडतो, हा पाडत नाही. क्वार्ट्झ बाटलीच्या काचेसारखा वेडावाकडा फुटतो, हा तिरप्या सपाट बाजूंनीच तुटतो. आणि ह्याच्यातून पाहिलं की एकाचे दोन दिसतात. क्वार्ट्झमध्येही किरण दुभंगतो, पण इतका थोडा की नुसत्या डोळ्यांना कळत नाही. हवालदारांनी दगड कागदावरच्या मावशींच्या नावावर ठेवला आणि म्हणाले, ‘मॅडम, आरोपी दोन झाले की!’ मी त्यांना दगड फिरवायला सांगितला. एक नाव जागचं हललं नाही. दुसरं त्याच्याभोवती फिरत राहिलं.

म्हणजे दगड बदलला हे खरंच ना, असं साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, नाही. फोनवर मी बाजारातल्या अर्थाने ‘छे’ म्हटलं. आमच्या विषयात स्फटिक म्हणजे नियमाने घडलेला कुठलाही खडा. बाबांचंही तसंच. ते मिठाच्या खड्यालासुद्धा स्फटिक म्हणत. क्वार्ट्झ त्यांनी कोणालाच देऊ केला नव्हता.

दादा लहान असताना त्याने बाबांच्या दगडावर लोखंडी खिळ्याने आपल्या नावाचं अक्षर कोरायला घेतलं होतं. उभी रेघ झाली आणि पाठीत धपाटा बसला. ही गोष्ट दादाच रंगवून सांगतो. क्वार्ट्झवर खिळा नुसता घसरतो. मी दगड दिव्याखाली धरून उलटा केला. रेघ आहे. धपाटा बसला तिथे वाकडी झाली आहे.

दादा म्हणाला, ‘तू कोणाच्या बाजूने बोलतेस?’

मी म्हटलं, ‘दगडाच्या.’

‘मग मला बाबांनी दिलं तरी काय?’

‘उशाशी होतं ते.’

यानंतर दादा बराच वेळ त्या रेघेवरून अंगठ्याचं नख फिरवत होता. तो पुरावा खराब करतोय का, असं साहेबांनी विचारलं. सांगते की, नखाने कॅल्साइटवर काही उमटत नाही. आधीचं पुसलंही जात नाही.

नंतर दादा उठून बाहेर गेला. दाराच्या काचेतून दिसलं, तो मावशींच्या शेजारी बाकावर बसला आणि दगड त्यांच्या हातात दिला. काय बोलला ते ऐकू आलं नाही, म्हणून सांगू शकत नाही.

एवढाच माझा जबाब. तो मला मोठ्याने वाचून दाखवला. वरती दोनदा ‘आरोपी’ लिहिलं गेलं होतं, तिथे खोडून ‘मावशी’ करून घेतलं. हवालदार स्वतःच बोलले ते तसंच राहू दिलं. आता माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून सही करते.