वरची खोली

(हाल्बरश्टाट, १७७८. पाद्रीबाबांच्या घरातली बैठक. ल्यूबेकचे दोरखंडांचे व्यापारी ब्रामर यांनी टेबलावर पत्रांचा गठ्ठा ठेवला आहे. समोर पाद्र्यांची अविवाहित बहीण एर्नेस्टीन.)

ब्रामर : सगळी तुमचीच आहेत, बाई. एकोणीस वर्षांची. जुस्टीन जाताना म्हणाली, टपालानं धाडू नका, स्वतः नेऊन द्या.

एर्नेस्टीन : बायकोच्या शब्दासाठी चार दिवस गाडीत हाडं खिळखिळी करून घेतलीत. कॉफी घ्या. भाऊ चर्चमध्ये आहे. तो असता तर मला बोलायला मिळालं नसतं.

ब्रामर : ठाऊक आहे. रात्री लिहायला तुम्हाला मेणबत्त्या मोजून देतात, तेही ठाऊक आहे.

एर्नेस्टीन : तिनं सांगितलं?

ब्रामर : मीच वाचलं. शेवटची चार वर्षं तिला दिसत नव्हतं. पत्र आलं की मी वाचून दाखवायचो. उत्तर ती सांगायची, मी लिहायचो.

एर्नेस्टीन : अक्षर बदललं तेव्हा मी विचारलं होतं. बोटं आखडलीत, कारकून लिहितो, म्हणाली.

ब्रामर : तो कारकून मी. खरं कळलं तर एर्नेस्टीन हात राखून लिहील, म्हणायची.

एर्नेस्टीन : म्हणजे मी तुमच्याबद्दल जे जे लिहिलं...

ब्रामर : ‘तुझ्या नवऱ्याला दोरखंडापलीकडे काही कळत नाही.’ तेही मोठ्यानं वाचलं. फार हसली. पुन्हा वाचायला लावलं.

एर्नेस्टीन : माफ करा मला.

ब्रामर : कशाबद्दल? खरंच होतं ते. बावीस वर्षांचा संसार आमचा, पण बोललो ते या चार वर्षांत. तुमच्या पत्रांच्या निमित्तानं.

एर्नेस्टीन : मी तर तिला एकदाच भेटले. पिरमोंटच्या औषधी झऱ्यांवर, पंधरा दिवस. नंतर ती दरवर्षी बोलवायची. मी कधी भावाच्या मुलांची आजारपणं पुढे करायची, कधी रस्ते. खरं सांगू? कागदावर मी बरी असते. समोर बसले की शब्द फुटत नाही. पत्रातली मी आणि ही मी, हा फरक तिला दिसू नये असं वाटायचं.

ब्रामर : तिला दिसतच नव्हतं, बाई.

एर्नेस्टीन : ...वाट बघायची?

ब्रामर : जून आला की वरची खोली झाडून घ्यायची. खिडकीशी लिहायचं टेबल हलवून घेतलं होतं, तुमच्यासाठी. गाडीचा आवाज आला की विचारायची, कोण उतरलं?

एर्नेस्टीन : आहे अजून ती खोली?

ब्रामर : इस्टरपासून माझी बहीण राहते तिथे.

एर्नेस्टीन : बरं केलंत. रिकामी कशाला ठेवायची.