उजेड बघायला काढलेला फोटो

(कर्जतच्या बाजारामागचं, जाहिरातींसाठी फोटो विकणारं एक छोटं ऑफिस. काचेवर लिहिलंय : ‘बहुरूप – सर्वांचे फोटो, सर्वांसाठी’.)

गोदा : माज्या लेकीचं, नंदाचं लगीन झालं ना बाय, त्या सालची गोष्ट. मांडव अजून सोडला नव्हता आन तुमी दोगं फोटो काडायला गाडी घेऊन वाडीत आलाव.

सानवी : आठवलं! कळंबच्या वरची वाडी. पदूकाका! कसे आहेत काका?

गोदा : तेच सांगत हुते तर तू मदीच चाय मागवलीस. माजा म्हातारा गेला. परवा त्याचं बारावं. फोटो पायजे.

सानवी : अगं बाई! अजेय, ऐकलंस का? पदूकाका गेले.

अजेय : कोण, आपले डॉक्टर?

गोदा : बग. ह्याच्यासाठीच आलेय मी.

सानवी : म्हणजे?

गोदा : पुतन्या हाय माजा, नवनाथ. त्यानं मोबाईलवरनं तुमचाच फोटो काडून नाक्यावर फ्लेक्स लावला. पांढरा कोट, गळ्यात नळी. आता रिसॉर्टवाले इचारतात, कुठला डॉक्टर गेला? एक बाई तर फ्लेक्सला हार घालून रडली. म्हनं, माज्या पोराला ह्यांच्याच हाताचा गुण आला हुता.

अजेय : बघ सानवी! ह्यालाच आपण काम म्हणतो.

सानवी : अजेय, आत्ता नको.

अजेय : नाही, मावशींना कळू दे. आदिवासी म्हटलं की मोळी, कुदळ, झोपडी, एवढेच फोटो मिळायचे सगळीकडे. आम्ही कोट चढवून ते बदललं, मावशी. काकांचा डॉक्टर आमचा सगळ्यात जास्त खपलेला फोटो आहे. मोठमोठे दवाखाने घेतात.

गोदा : ठाव हाय. खोपोलीच्या वाटंवर एका दवाखान्यात भिंतीवर हाय. म्हाताऱ्याला घेऊन गेलो तवा बगला.

सानवी : खरंच? केवढा लावलाय?

गोदा : दारायवडा. त्याच्याच खाली बाकड्यावर हा बसला, सकाळपासनं. खाट नाय म्हनाले. दुपारी एक पोरगी आली. आजोबा, बाकडं मोकळं करा, मोठे डॉक्टर येताहेत. तर हा वर बोट दावतो आन सांगतो, त्यो तर कवाच आलाय.

सानवी : मग?

गोदा : मंग काय. ती हसली. आमी पन हसलो. खाट नायच भेटली.

सानवी : अजेय, त्यांना पत्र लिहायला पाहिजे.

अजेय : दरवर्षीचं गिऱ्हाईक आहे ते.

गोदा : पत्र नको. मला फोटो दे. त्याचा सोताचा.

सानवी : बघूया हं. हे बघा, वकील.

गोदा : नाय.

सानवी : हा पायलट.

गोदा : ह्याला टेंपोत बसलं तरी उलटी व्हायची. नाय.

सानवी : बँक मॅनेजर. किती छान हसलेत!

गोदा : खाली लंगोटी हुती. वर तुमचा कोट. खालचं दिसत नाय म्हनालाव, म्हनून हसतोय. एकात पन टोपी नाय गं त्याची?

सानवी : टोपी आम्हीच काढायला लावली, मावशी. टोपी दिसली की लोक लगेच गावठी समजतात.

गोदा : नंदाचं कन्यादान केलंन तवा पन काडली नव्हती त्यानं.

अजेय : अहो, सोपं आहे. कोट काढून टाकतो कम्प्युटरवर, टोपी बसवतो. दहा मिनिटांचं काम.

गोदा : कुनाची बसवशील रं?

अजेय : असतात तयार. पांढरी, स्वच्छ.

गोदा : ही बग त्याची. पिशवीतनं आनलीय. पांढरी हाय का? हितं बिडीनं भोक पडलंय.

अजेय : मावशी, एक सुचवू? अशाच बसा. टोपी हातात, नजर खाली. शोक ह्या विषयात आपल्याकडे अजून कोणीच...

सानवी : अजेय! कॅमेरा खाली ठेव!

अजेय : मी आपलं सहज म्हटलं.

सानवी : थांब. त्या दिवशी कपडे बदलायच्या आधी, उजेड बघायला एक काढला होतास ना?

अजेय : टाकाऊ आहे तो. तोंड उघडं, नजर भलतीकडे. काढूनच टाकणार होतो.

सानवी : दाखव आधी. हा?

गोदा : हाच. हाच गं बाय.

अजेय : पण बघतायत कुठे ते?

गोदा : माज्याकडं. मी दारात हुते. वराडतोय, शेरडं कुनाच्या भरवशावर सोडून आलीस?

सानवी : मोठा छापून देते, मावशी. दाराएवढा.

गोदा : आमच्या घराला दारच बारकं. ताटायवडा छाप.

सानवी : खाली काय लिहू?

गोदा : डॉक्टर लिवू नको. लिव, पदू कमळू निरगुडा, कळंबच्या वरची वाडी. घट बसायच्या आदल्या मंगळवारी सकाळी वारला.