नक्षीचा गिलास

सुचिता : नाही म्हणू नकोस, मावशी. काल तेराव्याला साड्या दिल्या, त्या द्यायच्याच असतात. हा गिलास मी माझ्या मनानं देतेय. आईची आठवण म्हणून.

महामाया : ठेव बाई तुह्याजवळ. माह्या घरी कुठी ठेवू? फळीवरून घसरन, फुटन.

सुचिता : फुटला तर फुटला. तुझाच आहे तो. सहा होते ना हे? पाच शोकेसमध्ये, सहावा तुझ्यासाठी बाहेर. चिखलीहून आणले होते आईनं.

महामाया : चिखली नाही, अमडापूरच्या बाजारातून. मी होती संगं. वांगे लवकर खपले तं तुही माय भांडेवाल्यापाशी उभी राह्यली. गिलास उन्हात धरून फिरवे, तिच्या लुगड्यावर लाल-हिरवे ठिपके नाचत. त्यानं नखानं वाजवून दाखवला, लय वेळ आवाज घुमला. मले म्हणे, पाह्य महामाया, काच अशी कापली जशी काकडीची साल काढली.

सुचिता : पाव्हणे आले की त्या पाचांत सरबत व्हायचं. मला बघायला आले तेव्हा, एकदा तहसीलदार आले तेव्हा. लगेच धुऊन-पुसून आत. आम्हाला हात लावायची सोय नव्हती. आणि तुला मात्र रोजचं पाणी त्यात, चहा त्यात. मी शाळेत मैत्रिणींना सांगायचे, आमच्या घरातली सगळ्यात चांगली वस्तू महामायामावशी वापरते.

महामाया : असं सांगे तू?

सुचिता : अजूनही सांगते. पुण्यात.

महामाया : नको सांगत जाऊ.

सुचिता : का?

महामाया : काही नाही. ऊन चढलं, जातो मी.

सुचिता : थांब जरा. सकाळी मी रुपालीवहिनीला म्हटलं, मावशी गिलास घ्यायला तयार नसेल तर सहावाही शोकेसमध्ये ठेव, सेट पुरा होईल. ती म्हणाली, तो नको, तो त्यांच्यात मिसळू नका. भागवतदादा पेपर वाचत होता, त्यानं मानही वर केली नाही. मला वाटलं, गिलास तुझाच राहावा हा आईचा शब्द पाळतायत.

महामाया : हा गिलास कुठी राहे, सुचिता?

सुचिता : ओसरीच्या खिडकीत. तुला हाताशी असावा म्हणून.

महामाया : अन् धुवे कोण?

सुचिता : तूच. तुझा होता ना.

महामाया : पाणी?

सुचिता : आई ओतायची. तांब्यातून.

महामाया : वरून.

सुचिता : हो. वरून.

महामाया : तू एकदा त्यातून पाणी पेली होती. दुसरीत असशीन.

सुचिता : आठवतं. आईनं पाठीत धपाटा घातला होता. दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावला म्हणून.

महामाया : धपाटा आठवते. मंग तुले भरदुपारी डोक्यावरून न्हाऊ घातलं, ते इसरली. मी आंगणात तूर पाखडून राह्यली होती. साबण डोळ्यात गेला म्हणून तू रडे. मी सूप खाली ठेवलं नाही.

(सुचिता गिलास ओट्यावर ठेवते.)

सुचिता : मला कधी सांगितलं नाहीस.

महामाया : काय सांगू? तू लहान, मंग शिकाले गेली. एवढे पुस्तकं वाचे तं मले वाटे, त्यात असनच लिहेल.

सुचिता : लिहिलेलं आहे. फक्त ते दुसऱ्यांच्या घरांबद्दल आहे असं समजून वाचलं.

महामाया : तुह्या मायले लय वाईट नको समजू. तुह्या आजीच्या राज्यात आमच्या बौद्धवाड्यातल्या बायांसाठी जर्मनची वाटी होती. काठ तुटेल, गोठ्याच्या खुट्याले टांगेल राहे. तुह्या मायनं ती उकिरड्यावर फेकली अन् हा गिलास खिडकीत ठेवला. आजी बोलली तं म्हणे, वेगळाच हाय तो, फक्त चांगला हाय.

सुचिता : आजी जाऊनही वीस वर्षं झाली.

महामाया : हाव. गिलास तिथंच राह्यला. वाटी फेकण्याएवढं तिच्यानं झालं. त्याच्यापुढं नाही झालं.

सुचिता : आणि तू पीत राहिलीस. चाळीस वर्षं.

महामाया : तहान लागे ना. अन् खोटं काऊन बोलू, मले आवडे तो. वावरातून आलं का त्या नक्षीच्या धारा बोटाले गार लागत. घरी तशी एक वस्तू नव्हती. आवडे अन् रागही ये. एकाच घोटात.

सुचिता : शेवटचा महिना तूच केलंस तिचं. अंग पुसणं, लुगडं बदलणं, सगळं.

महामाया : त्याले कोणाची ना नसते, बाई.

सुचिता : मावशी, एक विचारायचंय. तेरा दिवस धीर झाला नाही. ती गेली तेव्हा मी गाडीत होते, जालन्याच्या पुढे. दादा शेतात, वहिनी शाळेत शिकवायला. घरात तू एकटी. तिला पाणी मिळालं का?

महामाया : काऊन इचारते हे?

सुचिता : खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून नको.

महामाया : आठ दिवस आधी मागतलं होतं. मी सैपाकघरातून पेला भरून आणला. तिनं भिंतीकडं तोंड केलं. म्हणे, रुपाली येऊ दे. दोन वाजेपर्यंत तशीच पडून राह्यली. ओठ चिकटले होते. मी पेला धरून बसेल होती.

सुचिता : आणि शेवटच्या दिवशी?

महामाया : घेतलं. दोन चमचे.

सुचिता : तुझ्या हातून.

महामाया : हाव, माह्याच हातून. पण तवा तिले मानसं वळखू येत नव्हते.