पटांगणाबाहेरचे खांब

मंडळी, बोलायला उभा राहिलोय. सिरसाळ्यात माझ्या बोलावण्यावर एवढी माणसं कधी जमली नसती. बळीरामसाठी जमलात. मघापासून ही गर्दी बघून माझा जळफळाट होतोय. शोकसभेत असं बोलू नये, कळतं मला. पण सुमनवहिनी, तुमचा नवरा गेला, माझा भागीदार गेला. आज खरं बोलू द्या.

वर्कशॉप आमचं दोघांचं. माझ्याकडे डिप्लोमा, त्याच्याकडे आयटीआय. अन् गिऱ्हाईक दारात आलं की विचारणार, बळीभाऊ हायेत का? लई टोचायचं.

तेव्हा बाहेरच्या यंत्रांची माहितीपत्रकं नवीनच यायला लागली होती. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या शेठनी एकात चित्र पाहिलं. चार खांब, चार दोर, चार मोटरी आणि मधे लोंबणारा पंजा. पटांगणातला कापूस न तुडवता उचलायचा. शेठ म्हणाले, असंच करा, पण एकही कोपरा सुटता कामा नये.

मी नकाशा काढला. चार कोपऱ्यांवर चार खांब. बळीरामनं तो पाहिला, घरात गेला आणि खाट उलटी केली. चार पायांना सुतळ्या बांधून मधे नट लोंबकळवला. त्याची आई ओरडली, "उलटी कावून केली रे खाट?" हा आपला नट सरकवतोय. "बघ, मधे चारी सुतळ्या ताठ हायेत. कडंला नेला की दोन ढिल्या. मग नट झुलतो." मग त्यानं खाटेच्या मधोमध टॉवेल घडी करून ठेवला. "पटांगण एवढं धर. खांब त्याच्या बाहेर रोवू."

बरोबर होतं. मला तिथंच कळलं होतं. कळलं होतं, तरी मी म्हणालो, "डिप्लोमा कुणाचा हाय बे?" आणि खांब माझ्याच नकाशाप्रमाणे कोपऱ्यांवर रोवले.

चाचणीच्या दिवशी पंजा कडेला गेला. दोन दोर ढिले पडले, पंजा झुलला आणि भिंतीवर आदळला. शेठ तापले. खांब इथं कुणी सांगितले? मी खाली बघत होतो. बळीराम म्हणाला, "माझी चूक झाली शेठ. माप मी घेतलं."

त्यानंच खांब बाहेर नेले. कोपरा न कोपरा आवाक्यात आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, माझे हात उठले नाहीत. पुढं शेठ नवी कामं मलाच सांगू लागले. बळीराम चुकतो, म्हणायचे. मला बरं वाटायचं. तो मात्र रोज सकाळी माझ्यासाठी चहा सांगायचा. त्याचाही मला राग यायचा.

वहिनी, परवा दवाखान्यात आलो होतो ते हेच कबूल करायला. त्यानं डोळे उघडले. मी तब्येत विचारली आणि परत फिरलो.

शेठ, तुम्ही समोर बसलाय. ती चूक त्याची नव्हती. माझी होती, आणि जाणूनबुजून होती.

आता दोन मिनिटं उभं राहू या. गप्प राहायची मला सवय आहे. आजवर स्वतःसाठी राहिलो, आज त्याच्यासाठी राहतो.